सुईबाई

सुईबाई हे तिचं नाव सरांनी ठेवलं. ती तेव्हा पॅथॉलॉजी शिकत होती आणि सर विभागप्रमुख होते. त्यांचा दरारा असा, की जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की वरच्या मजल्यावरची माणसं हातातला चहा तसाच बेसिनमध्ये ओतून सूक्ष्मदर्शकाला डोळे लावत. गाठ कापून काढायची, तिचे पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि मगच तोंड उघडायचं, हा सरांचा धर्म. तिला वेड लागलं होतं ते भलत्याच गोष्टीचं. बारीक सुई गाठीत घालायची, चार थेंब ओढून घ्यायचे, काचेवर पसरायचे आणि तेवढ्यावर निदान करायचं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पेशंट उठून आपल्या पायाने घरी.

एका साप्ताहिक बैठकीत तिने अशाच एका काचेवरून निदान सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग शिपायाकडून सुईदोरा मागवला, अंगातल्या पांढऱ्या कोटाचं एक बटण हिसका देऊन तोडलं आणि तिच्यापुढे धरलं.

"सुईचं काम छान येतं ना तुला? मग हे लाव."

आधी सगळ्यांना थट्टाच वाटली. सरांनी कोट काही काढला नाही. भरल्या खोलीत, त्यांच्या छातीशी वाकून तिला ते बटण लावावं लागलं. कात्री नव्हती. दोरा दाताने तोडायची वेळ आली तेव्हा मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. "वा, सुईबाई!" सर म्हणाले, आणि मग हसायला सगळ्यांनाच परवानगी मिळाली. तिचं ते निदान पुढे बरोबर निघालं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. नाव मात्र राहिलं.

ती शिकून बाहेर पडली, नोकरीला लागली, कानावरचे केस पिकले. एका मोठ्या इस्पितळात तिने सुईतपासणीचा विभाग शून्यातून उभा केला. छातीच्या आत, हृदयाला खेटून बसलेल्या गाठींतही सुई घालून निदान करणारी ती त्या भागात एकटीच होती. तरी पाठीमागे सगळे सुईबाईच म्हणत. सर निवृत्त झाले होते. पण कुठल्याही सभेत पाहुणे म्हणून बोलायला उभे राहिले, की "सुईच्या टोकावर भविष्य सांगणाऱ्या" लोकांची एकदा तरी हजेरी घेतल्याशिवाय खाली बसत नसत.

आणि एक दिवस छातीच्या सर्जनचा फोन आला. हा तिचा वर्गमित्र. बटणाच्या दिवशी तोही त्या खोलीत होता.

"अगं, सर आलेत माझ्याकडे. चेहरा सुजलाय, मानेच्या शिरा टरारल्यात, कॉलर लागत नाही. स्कॅन केला. छातीच्या हाडामागे ही एवढी गाठ, मोठ्या शिरेला विळखा घालून बसलीय. फुप्फुसाच्या आवरणावरही दोनतीन ठिपके दिसतायत."

"मग काप आणि तुकडा पाठव."

"तेच तर होत नाही ना! भूल देणारे हात लावायला तयार नाहीत. आडवं करून भूल दिली तर गाठ श्वासनळीवर बसेल आणि टेबलावरच खेळ आटोपेल, म्हणतात. सुईशिवाय इलाज नाही." तो थांबला. हसू दाबतोय हे तिला फोनवरही कळलं. "तेव्हा, सुईबाई, पाठवतोय त्यांना तुझ्याकडे."

फोन ठेवल्यावर तिने मनात दया शोधून पाहिली. म्हातारा माणूस, आपला शिक्षक, जिवावरचं दुखणं. दया कुठे सापडली नाही. सापडलं ते काहीतरी वेगळंच, पोटात गोड ऊब आल्यासारखं, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

सर आले ते काकूंच्या खांद्यावर हात टाकून. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, बारीक चणीच्या, बोलण्याआधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायची सवय असलेल्या.

"काय गं," दारातूनच सर म्हणाले, "शिवणकाम जोरात चाललंय म्हणे तुझं?"

"चाललंय, सर. या."

"फार दुखतं का हो?" काकूंनी विचारलं.

"तू गप्प बस," सर म्हणाले, आणि काकू भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

आडवं झालं की सरांना गुदमरत होतं, म्हणून स्कॅनच्या टेबलावर पाठीशी उशा रचून त्यांना अर्धवट बसवलं. तिने छातीच्या हाडाच्या कडेला पेनाने खूण केली, कातडी बधिर केली.

"श्वास रोखा, सर."

सरांनी श्वास रोखला. सुई आत गेली आणि टोकाला करकर लागली, ओल्या वाळूत घातल्यासारखी. हाताला ती करकर ओळखीची होती. चांगल्या गाठी अशा लागत नाहीत. पहिल्यांदा थेंब आले, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी आले. मेणात बसवून खास रंग द्यायला आणखी थोडं हवं, म्हणून तिने तिसऱ्यांदा सुई घातली. हे कारण खरंच होतं. सरांचे डोळे गच्च मिटले होते आणि कडेने पाणी गळत होतं. ते पुसायला तिने कापूस दिला नाही. हे मात्र तिने कारणाशिवाय केलं.

शर्टाची बटणं लावता लावता सर म्हणाले, "काचा आधी मला दाखवायच्या. मी बघितल्याशिवाय रिपोर्टवर एक अक्षर लिहायचं नाही."

"बरं, सर."

छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस नावाची ग्रंथी असते. लहान मुलात ती मोठी असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. वय वाढलं की ती सुकते आणि तिची नुसती चरबी उरते. त्या उरल्यासुरल्यातून कधीमधी गाठ उगवते. बहुतेकदा तो थायमोमा असतो. तो सावकाश वाढतो आणि कापून काढला की माणूस सुटतो. थायमिक कार्सिनोमा ही त्याची कजाग बहीण. ती इतकी क्वचित भेटते, की कित्येक डॉक्टरांना उभ्या जन्मात तिचं तोंड बघावं लागत नाही.

सुईबाईने काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि तीच समोर आली. फुगलेल्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या मोठमोठ्या पेशी घोळक्याने चिकटलेल्या, मध्येमध्ये मेलेल्या पेशींचा चिखल. फुप्फुसातला कॅन्सर तिथे पसरला असेल तरी असंच दिसू शकतं, म्हणून तिने मेणातल्या नमुन्यावर खास रंग करून घेतले. रंगांनीही तेच सांगितलं. गाठ फुप्फुसातून आलेली नव्हती, थायमसचीच होती. तिने दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पाहिलं. चूक निघावी असं तिला मनापासून वाटत नव्हतं, आणि चूक निघालीही नाही.

"सरांना तुझ्या खोलीत बोलाव," सर्जन म्हणाला. "दार लाव, शांतपणे दाखव. मी पण येतो."

"तू कशाला? मी बघते काय ते," ती म्हणाली.

तिने काकूंना फोन केला आणि साप्ताहिक बैठकीच्या दिवशी सरांना घेऊन यायला सांगितलं. विद्यार्थ्यांना सरांसारख्या माणसाकडून दोन गोष्टी शिकायला मिळतील, स्वतःची काच बघता बघता सरांनीच शिकवावं, असं ती म्हणाली. फोनवर काकूंच्या मागून सरांचा आवाज आला, "उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची."

त्या दिवशी खोली गच्च भरली होती. काच कोणाची आहे हे विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं. छातीच्या हाडामागची गाठ, मोठ्या शिरेला चिकटलेली, एवढंच तिने सांगितलं. सर सूक्ष्मदर्शकापाशी बसले. ते जे बघत होते ते मागच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. सराईत बोटांनी काच फिरवत ते एका कडेला थांबले. तिथे लहान, गोल, काळसर लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या त्या पेशी, विखुरलेल्या होत्या. सुईबरोबर थोडं रक्त येतंच, त्यातून आलेल्या.

"हे बघा," सर म्हणाले. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता. "लिम्फोसाइट. या जागेची गाठ आणि या पेशी, म्हणजे थायमोमा. गाठ काढली की विषय संपला. लिहून घ्या."

विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं. सरांची बोटं काच सरकवायच्या चाकावर होती, पण चाक फिरत नव्हतं. एक कोपरा बघून बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या माणसाने खोलीबाहेर हाकललं होतं, तो आता एक कोपरा घट्ट धरून बसला होता. सरांना बाकीचं दिसलं होतं, हे सुईबाईला कळलं. थांबायचं असतं तर तेव्हाच थांबायला हवं होतं.

"सर, जरा डावीकडे घ्या ना."

"काय गरज आहे?"

"मुलांना पूर्ण काच बघायची सवय लागायला हवी. तुमचीच शिकवण आहे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग काच डावीकडे सरकली आणि पडद्यावर त्या घोळक्यांची रांग लागली. एक, मग दुसरा, मग पडदाभर तेच.

पहिल्या रांगेत नवीनच आलेली एक विद्यार्थिनी होती, चुणचुणीत आणि बोलकी. सुईबाईने तिला उभं केलं. "तू सांग, काय दिसतंय?"

"मॅडम, हा थायमोमा नाही वाटत." पोरीने घाबरत सरांकडे पाहिलं, पण पुढे तिची गाडी सुटली. "केंद्रकं फारच वाईट आहेत. पेशी मेलेल्या दिसतायत, भराभर दुभंगतायत. हा कार्सिनोमा आहे. फुप्फुसातून आला नसेल तर थायमसचाच."

"रंगांवरून थायमसचाच आहे. बरं, अशा पेशंटचं पुढे काय होतं?"

"शिरेला चिकटलाय म्हणजे कापता येणार नाही. किरण देतील, औषधं देतील. पण हे पेशंट फार टिकत नाहीत, मॅडम." उत्तर बिनचूक येतंय या आनंदात ती किंचित हसली. "चेहरा सुजायला लागला म्हणजे तर संपलंच."

सुईबाईने तिला अडवलं नाही. शाबासकीसाठी पोरीने सरांकडे मान वळवली. सुजलेला चेहरा, उघडी कॉलर, मानेवर दोऱ्यांसारख्या फुगलेल्या शिरा. पोर हुशार होती. तिच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी सुकलं आणि हातातलं पेन खाली पडलं. मग एकेक करून सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "थायमिक कार्सिनोमा. बस खाली."

टेबलाचा आधार घेत ते उठले. बाहेर बाकावर काकू त्यांचा कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दारापर्यंत पोचवायला आलेल्या सुईबाईला सर हळूच म्हणाले, "छान टोचलंस. हात बसलाय तुझा."

ती परत आली तेव्हा ती पोर जिन्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती.

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का बोलू दिलंत?"

"तोंड धू," सुईबाई म्हणाली. "पेशंट खोळंबलेत." पुढच्याच महिन्यात पोरीने दुसरीकडे बदली मागून घेतली.

सरांना किरण दिले, औषधं दिली. सूज थोडी उतरली, काही आठवडे बरे गेले. मग फुप्फुसाच्या आवरणावरचे ते ठिपके वाढायला लागले, छातीत पाणी भरायला लागलं. आणि त्याच सुमारास इस्पितळात एक बोलणं फिरू लागलं. सरांची गाठ चांगली बंदिस्त होती म्हणे, सुईने ती फुटली आणि आत सगळीकडे सांडली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर स्वतःच हे सांगत होते. ठिपके सुईच्या आधीच्या स्कॅनमध्ये होते, हे सर जाणून होते. तो स्कॅन त्यांनी स्वतः उजेडावर धरून वाचला होता. पण मरणाच्या दारातला एवढा मोठा पॅथॉलॉजिस्ट सांगतोय म्हटल्यावर स्कॅन कोण काढून बघतो?

एका सकाळी सुईबाईच्या विभागात बाहेरची सगळी बाकं भरलेली असताना काकू आल्या. नंबर घेतला नाही, बसल्या नाहीत. मधोमध उभ्या राहून त्यांनी सुईबाईला हाक मारली, आणि ती बाहेर येताच ज्या आवाजात बोलल्या, तो आवाज त्यांच्याजवळ आहे हे तिला कधी वाटलंही नव्हतं.

"तुमच्या सुईने माझ्या नवऱ्याची गाठ फोडली! धडधाकट माणूस चालत आला होता तुमच्याकडे!"

बाकांवरचे सगळे चेहरे वर झाले. गळ्याला गाठ असलेल्या एका बाईने पदर घट्ट ओढून गळा झाकला.

"काकू, आत या, आपण बोलू."

काकू पुढे आल्या, अगदी जवळ, आणि एकदम त्यांचा आवाज नेहमीचा झाला, कोमट आणि खालचा. "मला ठाऊक आहे हो खोटं आहे ते. ते खिडकीखाली गाडीत बसलेत, काच खाली करून. जा म्हणाले, सगळ्यांसमोर बोल, मला इथे ऐकू आलं पाहिजे. नाही बोलले तर घरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "जायचंय मला त्यांच्याबरोबरच. माफ करा हं." आणि पुन्हा मान ताठ करून त्या किंचाळल्या, "शरम वाटू द्या जरा! आणखी किती जणांना मारणार आहात?"

त्या गेल्यावर सुईबाई खिडकीशी गेली. खाली गाडी उभी होती. मागच्या सीटवर सर होते, उशीला टेकलेले, नाकात प्राणवायूची नळी. त्यांनी वर पाहिलं, ती दिसली, आणि विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशी त्यांनी मान हलवली. काकू पुढच्या दाराने आत बसल्या. गाडी निघून गेली.

ती वळली तेव्हा निम्मी बाकं रिकामी होती. पदराने गळा झाकलेली बाईही गेली होती.

सर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. शोकसभेला ती गेली नाही, आणि ती आली नाही याचीही सभेत चर्चा झाली. काकूंना तिने एकदा फोन केला. त्यांनी उचलला, तिचा आवाज ऐकला आणि खाली ठेवला.

तिला वाटलं होतं, चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील. गळ्याच्या, छातीवरच्या वरवरच्या गाठींचे पेशंट हळूहळू परत आलेही. छातीच्या आतल्या गाठी मात्र येईनाशा झाल्या. शेवटी तिने सर्जनला त्याच्या खोलीत गाठलं.

"पेशंट का पाठवत नाहीस?"

"अगं, मला माहीत आहे ना, सगळी थाप आहे. पण नातेवाईक आधीच विचारतात, सुई नाही ना घालणार? एखाद्याचं वाईट झालं तर माझ्या गळ्याशी येईल. त्यापेक्षा मी छाती उघडून तुकडा काढतो. कोणी बोलायला नको."

"ज्याला गरज नाही त्याची छाती उघडणार तू?"

"तू त्या दिवशी दार लावून दाखवलं असतंस, तर ही वेळ आली नसती," तो म्हणाला आणि फोनकडे वळला.

पुढे असाच एक तुकडा तिच्या टेबलावर आला. बस चालवणाऱ्या एका माणसाच्या छातीतला, त्याच जागेचा. तिने पाहिला. लिम्फोमा होता. त्याला कापावं लागतच नाही, औषधांनी गाठ विरघळते. बारीक सुईने पुरेसं झालं नसतं, तर थोडी जाड सुई घालून तुकडा घेता आला असता, आणि माणूस संध्याकाळच्या आत घरी गेला असता. तिने रिपोर्ट लिहिला, सही केली, आणि मग एरवी कधी जात नसे त्या वॉर्डात गेली.

ड्रायव्हर उशी छातीशी कवटाळून बसला होता. खोकला आला की उशी दाबायची, नाहीतर टाके ताणतात, असं नर्सने त्याला शिकवलं होतं. जखमेत पू झाला होता, ताप होता. बायको शेजारी स्टुलावर बसून वर्तमानपत्राने वारा घालत होती.

"रिपोर्ट आला," सुईबाई म्हणाली. "औषधांनी बरा होण्यासारखा आजार आहे. ऑपरेशन लागणार नाही."

"ऑपरेशन तर झालं ना, मॅडम," बायको म्हणाली.

"ते नमुन्यासाठी होतं."

ड्रायव्हरला खोकला आला. त्याने उशी दाबली, तोंड वाकडं केलं, घाम पुसला. "नमुना काढायला एवढं उघडावं लागतं होय?" त्याने विचारलं. रागाने नाही, नुसतं माहिती म्हणून.

तिला खरं सांगता आलं असतं. बायको तिच्या तोंडाकडे बघत होती, वारा घालणारा हात थांबला होता.

"तुमच्या बाबतीत लागलं," सुईबाई म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि बायकोने पुन्हा वारा घालायला सुरुवात केली.